पिचरशी कुणी बोलायचं नाही

क्विन्सी,
१९ जुलै १९५४

चि. क्लाइड यास अनेक आशीर्वाद.

मामंजींचं दफन शनिवारी उरकलं. वेंडेलनं त्या दिवशीच्या बेसबॉल मॅचचा चेंडू त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. तू टीमबरोबर पिओरियाला गेलास ते बरंच झालं. समोर असतास तर चारचौघांत तुझी शोभा केली असती.

मी मैदानावर फोन केला तेव्हा सहावा डाव चालू होता. तूच उचललास. मामंजींचं काही खरं नाही, वेंडेलला लगेच पाठव, असं मी म्हणाले आणि तू हो म्हणालास. इस्पितळ मैदानापासून हाकेच्या अंतरावर! मामंजी सारखे दाराकडे बघत होते. तो निघालाय, असं मी सांगत राहिले आणि उशाशी रेडिओवाला ओरडत होता, वेंडेल क्राउझ पुन्हा चेंडू घेऊन उभा राहिलाय म्हणून. त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली रे. शेवटी मी रेडिओ बंद केला.

एरवी तुझं तोंड कॅचरच्या जाळीआडही बंद नसतं. त्याच दिवशी बरी दातखीळ बसली? वेंडेल सगळ्यांना सांगतोय, निरोप उशिरा आला.

जेवणाची हेळसांड करू नकोस. रागावले तरी बहीणच आहे.

तुझी
लॉरेनताई

पिओरिया,
२२ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला हात धजत नव्हता.

भावोजींनी तोवर समोरच्यांना एकही हिट मारू दिली नव्हती. अशा वेळी पिचरशी कुणी बोलत नाही, शेजारी बसतसुद्धा नाही. बोलला तो पनवती. आमचा रन एकच, तोही समोरच्यांच्या गचाळ फेकीमुळे मिळालेला. फोन ठेवून खोलीतून बाहेर आलो तर भावोजी बाकाच्या टोकाला एकटेच. म्हटलं, हा डाव होऊ दे. मग म्हटलं, पुढचा. असं करत नवही डाव एकही हिट न देता संपले, मॅच एक-शून्यनं जिंकलो आणि तुझे सासरे गेले.

रिवाज हे निमित्त, ताई. असा विक्रम जन्मात एखाद्यालाच साधतो, त्या मॅचचा कॅचर म्हणून माझंही नाव व्हावं, ही हाव सुटली होती. पेपरातल्या फोटोत मी भावोजींच्या कडेवर चढून हसतोय. बघितलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

भावोजींना आजच वेगळं लिहून सगळं कळवलंय. मला घरात घ्यायचं की नाही, ते दोघं ठरवा.

तुझा अपराधी
क्लाइड

क्विन्सी,
२६ जुलै

प्रिय क्लाइड यास स. न. वि. वि.

मला वेगळं लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. आता माझं ऐक.

तू खोलीतून आलास तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता. नंतर तू खुणा अशा सारख्या बदलत होतास, की कुठला चेंडू मागतोयस तेच कळेना. बाबांची तब्येत मला ठाऊक होती. सकाळीच त्यांना बघून आलो होतो. फोन कुणाचा, एवढं विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस. मी टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

पिचरशी कुणी बोलायचं नाही, हे खरं. पिचरनं विचारायचं नाही, असा कुठलाच रिवाज नाही.

लोक अजून रस्त्यात थांबवून हात मिळवतात. मला मान वर करवत नाही. रविवारी परत आलास की जेवायला घरीच ये. लॉरेनला हे मी अजून सांगितलेलं नाही, तू शेजारी असलास तर जमेल. तिला वाटतं, तो चेंडू मी बाबांना प्रेमानं दिला. मला तो घरात नको होता.

वाट बघतो. जमल्यास माया राहू दे.

तुझा
वेंडेल