पांढऱ्या गाडीसाठी स्कॅनर

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार. गडचिरोली

सकाळी डॉक्टरबाईंचा ड्रायव्हर कवडू त्यांची पांढरी जपानी गाडी घेऊन आला. नेहमी हॉर्न वाजवत गॅरेजात घुसतो. आज फाटकाबाहेरच लावली आणि बाजूला उभा राहिला. चहा नको म्हणाला.

काल दुपारची गोष्ट. धानोऱ्याच्या पुढे बाईंचा दवाखाना आहे, तिथून जानोला इकडे मोठ्या दवाखान्यात आणत होता. जानो म्हणजे तिकडच्याच सैनूची बायको. बाळंतपण अडलेलं, रक्त थांबत नव्हतं. मध्येच जंगलात गाडी आपोआप बंद. पाऊण तास उभी. मग किल्ली मारली तर जसं काही झालंच नाही अशी सुरू. पोरगी वाचली. जानो गेली.

"युनुसभाऊ, पंधरा दिवस नाई झाले तुमी पाहून देल्ली होती," एवढंच बोलला आणि बसस्टँडकडे चालत निघून गेला.

दिवसभर बॉनेट उघडायची हिंमत झाली नाही. दुसरी कामं केली, तीही धड नाही. संध्याकाळी गाडी आत घेतली, रिवाजाप्रमाणे बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, शटर ओढलं. अब्बांच्या वेळी वायर शॉर्ट होऊन अर्धं गॅरेज जळालं होतं, तेव्हापासून मुक्कामाच्या गाडीची बॅटरी जोडलेली ठेवायची नाही. जेवलो नाही.

१३ फेब्रु.

सबंध दिवस पांढरीच्या पोटात. डिझेल फिल्टर, पाईप, रिले, सगळं नीट. चामोर्शी रस्त्यावर तीन फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी चालते. एकदा तरी बंद पड म्हणून शिव्या दिल्या.

लिहूनच टाकतो, नाहीतर डोक्यात सडेल. जानेवारीत कवडू सांगत होता की डॅशवरचा इंजिनचा पिवळा दिवा मध्येच लागतो नि विझतो. मी पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून ऐकलं. पंचवीस वर्षं असंच ऐकत आलोय. आवाज साफ होता. कवडू तरी घाबरतच होता, म्हणून दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा लावून दिला. "घे, आता नाई दिसत." दोघं हसलो होतो.

आज टेप काढली. चिकट डाग राहिला, तो रॉकेलने पुसला.

१५ फेब्रु.

डॉक्टरबाई स्वतः आल्या, एसटीने. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"युनुसभाऊ, दिव्यावर टेप तुम्ही लावली?"

"हो."

मग म्हणाल्या, या गाडीला कॉम्प्युटर आहे, दोष आला की तो नोंद ठेवतो, असं परदेशातून गाडी पाठवणाऱ्यांनी सांगितलं होतं. ती नोंद वाचता येईल का? मला फक्त कळायला हवं, म्हणाल्या. मी गाडी रस्त्यावर ठेवायची की नाही.

त्यांना गाडीचं कळायला हवं. मला माझं. हा दोष जानेवारीत तिथे होता का, माझ्या कानाने तो सोडला का? की नवाच काही उपटला? मी शब्द दिला, नोंद वाचणारा स्कॅनर आणतो. गॅरेजसाठी एरवीही लागणारच, असं उगाच म्हणालो.

१६ फेब्रु.

महाशिवरात्र. सगळ्या जीपा मार्कंड्याच्या जत्रेला. गॅरेज ओस. नागपूर, चंद्रपूरला फोन लावत बसलो. चंद्रपूरचा एकजण म्हणाला, "इतकी जुनी गाडी? स्कॅनर काऊन पायजे, कान नाई का तुले?" फोन ठेवला.

१९ फेब्रु. नागपूर

पहाटेची बस. पांढरीही नेणार होतो, पण वाटेत बंद पडली तर? आता मीच भितो. कवडूला हसलो होतो.

दुकानात तीन मशिनी मांडल्या.

पहिली हातात मावेल एवढी, लाल. स्वस्त. दुकानदार म्हणे कुठल्याही गाडीला चालते. मी पांढरीतल्या, मशीन जोडायच्या सॉकेटचा फोटो दाखवला तर म्हणे हो हो, हेच ते. बाहेर कोणाची तरी तशीच जुनी जपानी उभी होती, त्याला विनवून लावून पाहिली. पिन चपखल बसली, पडद्यावर 'संपर्क नाही'. सॉकेट सारखं म्हणून गाडी बोलेल असं नाही. जुन्या गाडीला तिच्या कंपनीची रीत कळणारी मशीन लागते. एवढं शिकलो.

दुसरी लॅपटॉपची तार. लॅपटॉप आपल्याकडे नाही, आणि आपल्या रस्त्यांवर तो मांडीवर धरणार कोण.

तिसरी मोठी, पेटीतली, जपानी गाड्यांचं वेगळं कार्ड. तेच हवं. पण नवी घेणं झेपणारं नाही. दुकानदारानेच हैदराबादच्या एकाचा नंबर दिला, जुनी विकतो म्हणे.

परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ जागाच होतो.

२३ फेब्रु.

जुम्म्याची नमाज पढून आलो तर जानोचा नवरा सैनू बाकावर बसलेला. मी त्याला आधी एकदाच पाहिलं होतं. किती वेळ बसला होता कोण जाणे.

"मिस्त्रीभाऊ, काई निघालं का गाडीत?"

"मशीन आनून राह्यलो. गाडीतलं सगळं वाचते."

"त्या दिवसाचं बी?"

"त्या दिवसाचं बी."

मान हलवली. पोरगी कशी आहे विचारलं तर म्हणाला, आईपाशी आहे, बकरीचं दूध पिते. उठला आणि गेला. मी त्याला सांगायला नको होतं. पण माझीच तशी खात्री होती.

२६ फेब्रु.

हैदराबादवाल्याशी बोलणं झालं. मशीन आहे, कार्डही आहे. माणूस भला, घाई करत नाही. गाडीचं साल, इंजिन सगळं विचारलं. मी विचारलं, दोन आठवड्यांपूर्वीचा दोष दिसेल ना? म्हणाला, दोन आठवडे काय, दोन वर्षांचा दिसेल, कॉम्प्युटर विसरत नाही. फक्त बॅटरी मत निकालना भाई, इस मॉडेल में बॅटरी निकाली तो सब साफ.

तो हॅलो हॅलो करत असतानाच फोन ठेवला.

२७ फेब्रु.

मीच पुसलं. गाडी आली त्याच संध्याकाळी, बॅटरी काढताना, माझ्या हाताने, दहा नंबरच्या पान्याने.

२८ फेब्रु.

घरी नसरीनला सांगितलं. ती भाकरी करत होती, हात थांबले. "जानून तं नाई केलं तुमी." जाणून केलं नाही, खरंय. टेपही जाणून लावली नव्हती. मी जाणून काही करतच नाही, हीच तर भानगड आहे. तिच्यावर उगाच ओरडलो. मग ती रडली, मग मीही.

५ मार्च

धुळवड काल झाली. रस्ता अजून रंगलेला.

बाईंना फोन केला, नोंद गेली म्हणून सांगितलं. कशी गेली तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "तरी मशीन घ्या. गाडी काही बदलून मिळत नाही मला. चार दिवसांपूर्वी एकीला ट्रॅक्टरवर पाठवलं."

कशी पोचली, ते विचारलं नाही मी.

मशीनच्या पैशासाठी जुना कॉम्प्रेसर विकून टाकला. हैदराबादला होकार कळवला.

१३ मार्च

मशीन बसच्या टपावरून आली, खोक्याला शेण लागलेलं. कार्ड घातलं, तार लावली. पांढरी बोलली. इंग्रजी एकेक अक्षर जुळवून वाचलं: दोष नाही. माहीत होतं तरी पुन्हा एकदा वाचलं.

पण या मशीनमध्ये चालू गाडीचे आकडेही दिसतात. उद्या कवडूला बोलावलंय.

१४ मार्च

कवडू चालवतो, मी शेजारी मशीन धरून. धानोरा रस्ता. मोहाची फुलं पडायला लागलीत, बायका टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या. त्या जागेपाशी आल्यावर कवडूने न सांगता वेग कमी केला.

पुढे नाल्याच्या ठेंगण्या पुलावर, रपट्यावर धक्का बसला आणि इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाच्या वेगाचा आकडा शून्य झाला. डोळा मिटून उघडावा एवढाच वेळ. इंजिन एक ठेच खाऊन पुन्हा नीट. पिवळा दिवा लागला. या वेळी नोंदही आली.

खाली उतरून शोधलं. पंपाकडे जाणारी तार ब्रॅकेटवर घासून घासून तांबं दिसत होतं. तिला धरून ठेवणारी क्लिप जागेवर नाही. दिवाळीत पंप मी उतरवला होता. माझ्याआधी परदेशात कोणी कोणी उतरवला असेल, अल्ला जाणे. क्लिप मी परत लावली होती का? आठवत नाही. खरंच आठवत नाही की आठवायचं नाही, तेही कळेना.

आणि त्या दिवशी हेच झालं होतं का? असेल. ते सांगणारी नोंद मी पुसली.

तार बदलली, नवी क्लिप, वर रबराची नळी. कवडू म्हणाला, "झालं ना भाऊ आता?" झालं म्हणालो.

१५ मार्च

गाडी बाईंकडे परत. लेखी दिलं काय सापडलं ते. बाईंनी कागद घडी करून ठेवला. कोणाचीच चूक म्हणाल्या नाहीत. बाई, म्हणा ना एकदा.

२० मार्च

सैनू आला. या वेळी मीच त्याच्या शेजारी बाकावर बसलो. सगळं सांगितलं, दिवा, टेप, बॅटरी, तार. "मलेच पाह्यला पायजे होतं. मी नाई पाह्यलं." वाटलं, आता मारेल तरी, नाहीतर रडेल तरी.

तो "हो" म्हणाला. नुसतंच हो. मग विचारलं:

"गाडी किती वाजता चालू झाली, थे हाय का मशीनमदी?"

मला कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. गाडी बंद पडल्यावर कवडूने त्याला मागे राहिलेल्या गावात पायी धाडलं, ट्रॅक्टर नाहीतर बैलगाडी आणायला. तो बैलगाडी घेऊन परत आला तर रस्ता रिकामा. पांढरी निघून गेली होती. गडचिरोलीला पोचला तोपर्यंत जानोला झाकलेलं.

"कवडूभाऊ म्हंते, तू गेल्यावर लय वेळाने चालू झाली. मले तसं नाई वाटत. मी गेलो आन् लगेच झाली असन तं... मी थोडासा थांबलो असतो तं गाडीत असतो ना तिच्यापाशी."

मी म्हटलं, मशीनला दोष समजतो, वेळ समजत नाही. नोंद असती तरी समजली नसती.

"मंग कोन सांगन?"

महिनाभर मी माझाच हिशोब मांडत बसलो होतो. हा माणूस दोनदा येऊन बसला, आणि त्याला काय विचारायचंय ते मी एकदाही विचारलं नाही. रविवारी बाजाराला येतो म्हणाला.

२२ मार्च

मुद्दाम बाईंच्या दवाखान्यावर जाऊन कवडूला गाठलं. आधी उडवून लावत होता. मग मला दवाखान्यामागे नेलं आणि खाली बघत बोलला.

"चाळीस मिनिटं वाट पाह्यली, मंग धाडलं त्याले. तो वळनाआड गेला, मी उगीच किल्ली मारली, आन् चालू झाली. पाच मिनिटं बी नाई झाली भाऊ. हॉर्न मारला दोनदा. गाडीतली नर्सबाई म्हने थांबू नको, रक्त थांबून नाई राह्यलं. मी काय करू?"

"बरोबर केलं," मी म्हणालो. खरंच बरोबर केलं.

"ती इचारत होती सैनू कुठी हाय म्हनून. मी म्हटलं मांगून येऊन राह्यला." आणि कवडूने दोन्ही हात जोडले. "त्याले नोका सांगू, युनुसभाऊ."

२५ मार्च, रविवार

सकाळपासून दहा वेळा ठरवलं, दहा वेळा मोडलं. खोटं सांगितलं तर त्याला झोप लागेल. मला लागणार नाही, पण माझं काय मोठंसं. खरं सांगितलं तर तो जन्मभर त्या वळणावर उभा राहील. पण त्याने विचारलंय. दोन पायांनी चालत येऊन विचारलंय, आणि दिवा झाकून "आता नाई दिसत" म्हणायचं काम मी एकदा केलेलं आहे.

नसरीन म्हणते, दया करा. कवडू म्हणतो, सांगू नका. मला कोणी विचारलं असतं तर मला काय हवं असतं?

सैनू आलाय. बाहेर बाकावर बसलाय, पोरीला सोबत आणलंय आज, टॉवेलमध्ये गुंडाळून. चहा सांगितला आहे, तो येईपर्यंत हे लिहितोय.

सैनू हाक मारतोय. या वेळी टेप नाही.