दोन काड्यांचा कायदा

नाचणगाव,
दि. १६ डिसेंबर १९८६

श्रीयुत दौलतराव जावईबुवा यांच्या सेवेशी, धाकट्या गावातल्या मोठ्या साळ्याचा, म्हणजे खुशालचा, वाकून नमस्कार. (ज्या माणसाचं नाक मी लहानपणी स्वतःच्या बाहीने पुसलं आहे त्याला वाकून नमस्कार लिहिताना हात जरा अडखळतो, पण तुम्ही आमच्या नलूशी लग्न केलंत तेव्हापासून रीत ती रीत.) इकडे मी, गोपिका, दोन्ही पोरं आणि वांगी खुशाल आहोत. वांग्यांवर कीड पडली होती ती गेली. तुमची कंबर कशी आहे? भिलाईची थंडी कंबरेला मानवत नाही असं नलूने लिहिलं होतं, आणि त्याच कंबरेमुळे महिनाभर नळावरून पाण्याची एकही बादली तुमच्या हातून आली नाही, असंही लिहिलं होतं. देव तुम्हाला निदान एका बादलीपुरतं तरी बरं करो.

पत्रास कारण की, पथकाची संदूक आपल्या घरी आली. आपल्या म्हणजे माझ्या. आत्ता लिहितो आहे तो तिच्याच झाकणावर कागद ठेवून. तुम्ही हे पत्र नलूला वाचून दाखवाल, आणि तिला मुलगी म्हणून पथकात कधी घेतलं नव्हतं, तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला ठाऊक असलेलं तुम्ही पुन्हा ऐका.

पुंडलिकराव गुरुजींनी एक्कावन्न साली गावातली अकरा पोरं गोळा करून बालवीर पथक काढलं आणि गेल्या वर्षी जाईपर्यंत, चौतीस वर्षं, एकट्याने चालवलं. शाळेतल्या मास्तरकीपेक्षा त्यांना पोरांना नदीकाठी नि बोरच्या जंगलात नेऊन राहायचं वेड. बारा महिने खाकी हाफपॅन्ट. (पोरीच्या लग्नात धोतर नेसले होते, तर व्याह्यांनी ओळखलंच नाही.) सायकल होती, पण तिच्यावर ते बसलेले मी पाहिले नाहीत, तिच्यावर डेगची बसायची आणि गुरुजी शेजारून चालायचे. ते एकाहत्तर सालचं शिबिर आठवतं ना? वानरांनी पिठाचा डबा पळवला, आपण बाजूच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा ओरबाडून खाल्ल्या, आणि गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या पथकाला त्या शेतकऱ्याचा कापूस वेचायला लावलं. वर म्हणाले, वानरायले सांगून उपयोग नाई, तुमाले सांगून होईन. त्या दिवसापासून मी कोणाच्या शेतातली शेंग तोडली नाही. स्वतःच्या शेतातली तोडतानासुद्धा मागे वळून बघतो.

आणि त्यांचा तो कायदा. शिबिराच्या शेवटच्या दिवशी दर पोराला दोन काड्या मिळायच्या, आगपेटीतल्या, मोजून दोन. त्यांत चूल पेटवायची, गोवऱ्यांचे निखारे करायचे, पळसाच्या पानांत कणकेचा पानगा भाजायचा आणि गुरुजींना वाढायचा. घासलेट नाही, कागद नाही, दुसऱ्याच्या चुलीतला विस्तव नाही. गुरुजी तो पानगा कच्चा असो की कोळसा, शेवटपर्यंत खायचे, ‘पोट भरलं’ म्हणायचे आणि गळ्यात लाल रुमाल बांधायचे. चूल पेटली नाही तर पुढच्या वर्षी या. तुम्ही पहिल्याच वर्षी रुमाल मिळवला. ही गोष्ट तुम्ही लग्नाच्या मांडवात, बारशात आणि आमच्या आबांच्या तेरवीतही सांगितली, त्यामुळे इथे फार लांबवत नाही. मला तिसऱ्या वर्षी मिळाला.

गुरुजी गेले तशी संदूक त्यांच्या पत्नी आनंदाबाईंकडे पडून होती. चार तंबू, दोर, झेंडा, शिट्टी, ती काळी डेगची. पुलगावचा प्रेमदास (आपल्याच पथकातला, आता लग्नाचे मंडप घालतो) वर्षभर त्यांच्याकडे चकरा मारत होता. तंबू त्याला धंद्याला हवे होते. पोरंही शिबिराला नेईन म्हणायचा, पण ‘जमलं तर’ हे शब्द अगोदर लावून. मी म्हटलं, संदूक गावात राहिली पाहिजे, पथक चाललं पाहिजे. प्रेमदासने विचारलं, चालवणार कोण? तेव्हा मी जोरात ‘मी’ म्हणालो आणि घरी येऊन घाबरलो. पण जावईबुवा, खरं सांगतो, डिसेंबर आला आणि गावातून शिट्टी वाजली नाही, तेव्हा मला घरातलं माणूस जेवायला आलं नाही असं वाटलं होतं.

आनंदाबाईंनी आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. “नुसतं सामान मी कोणालेच देत नाई. जो संदूक नेईन त्यानं पोरं बी न्याले पाह्यजे. यायचा, गुरुजीचा, कायदा हाय ना, दोन काड्यायचा? मंग तुमी दोघं तसंच करा.”

परवाच्या रविवारी वर्षश्राद्ध आटोपून आम्ही एकोणीस जुने बालवीर नदीवर गेलो. मी नवी खाकी हाफपॅन्ट शिवून घेतली होती. ती घालून घराबाहेर पडलो तेव्हा गोपिका इतकी हसली की कणीक शेजारणीला भिजवावी लागली. नदीवर आधी तंबू उभारायचे ठरले. गाठी कोणाला आठवेनात. प्रेमदास म्हणाला, हटा, हा माझा रोजचा धंदा आहे, आणि आत शिरून मधला खांब धरून उभा राहिला. तंबू त्याच्याच अंगावर बसला. आतून आवाज आला की, धंद्यात दोर बांधायला चार माणसं ठेवली आहेत. त्याला बाहेर काढायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण उघडायची बाजू कुठली यावर सभासदांत मतभेद होते.

मग चुली मांडल्या. वारा असा सुटला होता की टोप्या नदीकडे निघाल्या. प्रेमदासने पहिल्या काडीत जाळ केला. एका काडीत! मी त्या वेळी अजून धोंडेच मांडत होतो. माझी पहिली काडी वाऱ्याने खाल्ली. (पुढच्या दहा मिनिटांचं वर्णन करत नाही.) पण अखेर माझीही चूल पेटली, आणि एकदा पेटली ती पेटली. प्रेमदासला घाई नडली. गोवऱ्यांचे निखारे व्हायची वाट न बघता त्याने भडकत्या जाळात पानगा टाकला. वरून कोळसा, आतून कणीक. मी मात्र रोज रोपांना पाणी देणारा माणूस, वाट बघणं हाच माझा धंदा. तासभर निखाऱ्यांसमोर उकिडवा बसलो. (हाफपॅन्ट इथे उसवली. मागून. पुढचा सगळा विजय मी नदीकडे पाठ करून साजरा केला.)

आनंदाबाईंनी आधी प्रेमदासचा पानगा मोडून पाहिला आणि तसाच त्याच्या हातात परत दिला. मग माझा घेतला. तुकडा मोडला, तूप लावलं, वांग्याच्या भाजीशी खाल्ला, दुसरा तुकडा मोडला. एकोणीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. सगळा पानगा संपल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “पोट भरलं.” जावईबुवा, मी रडलो. लाज वाटत नाही सांगायला. प्रेमदासही रडला, आणि नंतर संदुकीची एक कडी त्यानेच धरली. आम्ही ती गावातून वाजतगाजत आणली, मी कंबरेला टॉवेल गुंडाळून शिट्टी फुंकत पुढे, आणि घरी पोचेपर्यंत मागे अठरा पोरं लागली होती. त्यांत पाच पोरी. पोरींना घ्यायचंच, अशी आनंदाबाईंची आज्ञा आहे. नलूला हे मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवा.

असो. नलूस व लेकरांस अनेक आशीर्वाद, आणि कंबरेस विश्रांती.

तुमचा विजयी साळा,
खुशाल

ता. क. : इथून पुढचं नलूला वाचून दाखवू नका. वर ‘अखेर माझीही चूल पेटली’ असं लिहिलं आहे, ते खरं आहे, पण दुसऱ्या काडीनं नव्हे. तीही विझली होती. मी मान खाली घालून बसलो होतो, तेवढ्यात आनंदाबाई बाजूने गेल्या, “धोंडे नीट मांड रे बाप्पा,” म्हणाल्या, आणि त्या गेल्यावर पाहतो तर धोंड्यावर एक काडी. तिसऱ्या वर्षी गुरुजींनीही मला हेच शब्द बोलून हेच केलं होतं. मी ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, अख्ख्या पथकात चोर मी एकटाच.

ता. क. २ : संदुकीच्या तळाशी गुरुजींची वही निघाली. रुमाल मिळालेल्या प्रत्येक पोराचं नाव, आणि पुढे त्याला लागलेल्या काड्यांचा आकडा. पानंच्या पानं ‘३’. माझ्यापुढे ३. तुमचं पान काल रात्री सापडलं. ‘दौलत – ४’. आता मुद्द्याचं. अठरा पोरांच्या आईबापांना मी सांगून बसलो आहे की उन्हाळ्यात सगळ्यांना पोहायला शिकवीन, आणि मला पोहता येत नाही. (गुरुजी आपल्याला डोहावर न्यायचे तेव्हा कपडे सांभाळायचं काम मी आपणहून घ्यायचो. तुम्ही त्याला माझा सेवाभाव म्हणायचात.) तुम्ही मात्र माशासारखे पोहता. तर मे महिन्याच्या पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज आजच टाका. वही मी कुलपात ठेवली आहे, आणि नलूला तिच्याबद्दल अजून काही लिहिलेलं नाही.

ता. क. ३ : सगळ्या वहीत ‘२’ एकाच नावापुढे आहे, प्रेमदासच्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं. वही घेऊन आनंदाबाईंकडे गेलो, म्हटलं, संदूक खरी त्याची, त्याला देऊन येतो. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्याले तिसरी काडी कधी लागलीच नाई. मंग तो दुसऱ्याले देईन कायले? तुले लागली, तू देशीन.”

तेव्हा मे महिन्यात येजो, दौलत. येताना काड्या आणू नको. तुझ्यासाठी इथे चार काढून ठेवल्या आहेत.