पन्नास वॅट, आठ मिनिटं

२ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

संकल्प: या महिन्यात सॅटेलाइटवरून अडीच हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलायचं. घरी केलेल्या अँटेनावर. आमचा हॅम क्लब, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा क्लब, चालवणारे दाताचे डॉक्टर म्हणाले की हा सॅटेलाइट म्हातारा झालाय, बॅटरी गेली आहे, ३० तारखेला सकाळच्या फेरीनंतर कायमचा बंद करणार. म्हणजे अठ्ठावीस दिवस. पुष्कळ झाले.

बरोबर अडीच हजार किलोमीटरवर ताई राहते. हा निव्वळ योगायोग. नकाशावर वर्तुळ काढलं तर ते तिच्याच गावावरून जातं, त्याला मी काय करू? ताईशी मला बोलायचं नाही. सहा वर्षं बोललेले नाही आणि अतिशय छान चाललंय.

३ सप्टेंबर, बुधवार
अँटेना तयार. लोक उगाच बाऊ करतात. मीटरभर प्लास्टिकचा पाइप, त्यावर स्टीलच्या टेपचे तुकडे आडवे बसवले. मोठे तुकडे बोलायला, छोटे ऐकायला. टेपचा पिवळा रंग खरवडून दोन ठिकाणी डाख दिला. दिसायला माशाच्या काट्यासारखी झाली आहे.

टेप ह्यांचा होता. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. सुरुवातीचे साडेतीन मीटर कापून घेतले आणि उरलेला नीट गुंडाळून खणात ठेवला. कळणारही नाही.

बोलायला मोठा सेट, पन्नास वॅट. डॉक्टर म्हणाले पाच पुरतात. डॉक्टरांना ड्रिलसुद्धा भीत भीतच चालवायची सवय आहे.

ऐकायला हातातला छोटा सेट. तो सुरू केल्याबरोबर नुसती खरखर, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. सुदैवाने त्यावर एक चकती आहे, स्क्वेल्च म्हणतात. ती आवळली की खरखर बंद. शेवटपर्यंत आवळून टाकली. मग दोन गल्ल्यांपलीकडून डॉक्टरांना हाक मारायला लावली, तर आवाज घंटेसारखा स्वच्छ. इतका शांत सेट क्लबात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ६.५०
पहिला प्रयत्न. सॅटेलाइट डोक्यावरून गेला तर जवळपासची माणसं मिळतात. लांबचं माणूस हवं असेल तर तो क्षितिजाला घासून जाताना धरावा लागतो. म्हणून मी मुद्दाम तसलीच फेरी निवडली. आठ मिनिटं. होकायंत्र आणि घड्याळ घेऊन हे गच्चीवर उभे.

आठ मिनिटं हाका मारल्या. कुणी एक शब्द बोललं नाही.

कारण: हे. पूर्व म्हणून जी दाखवत होते ती चौथ्या मजल्यावरच्या बाईंची वाळत घातलेली चादर होती.

९ सप्टेंबर, मंगळवार
चौथ्या मजल्यावरच्या बाईंना शांतपणे समजावलं की तुमची चादर माझ्या आकाशात येते. त्या म्हणाल्या, आकाश सगळ्यांचं आहे. मी म्हटलं, चादर तुमची आहे. त्यानंतर शांतपणा राहिला नाही.

चादर हलली. आठ मिनिटं हाका. उत्तर शून्य. खांदा भरून आला.

विचार केल्यावर लक्षात आलं की यात काळजीचं काही नाही. सॅटेलाइट रिकामा आहे, एवढाच अर्थ. लोकांना सकाळी उठायला नको असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार
डॉक्टरांचा फोन. खूप वेळ हवापाण्याचं बोलले, मग विचारलं की तुमचं ऐकण्याचं कसं काय आहे. म्हटलं उत्तम, अजिबात खरखर नाही. ते जरा थांबले. म्हणाले, अजिबात नाही? म्हटलं, अजिबात नाही. पुन्हा थांबले. मग म्हणाले की तुमच्या ताई रोज सकाळी त्या सॅटेलाइटवर असतात, फार बारीक कान आहे हो त्यांना.

म्हणजे सॅटेलाइट रिकामा नाही. माणसं आहेत आणि मला उत्तर देत नाहीत. हा बहिष्कार आहे. तो कुणी घडवून आणला हे सांगायला ज्योतिषी नको.

ताईच्या कानाचं कौतुक मला शाळेपासून पाठ आहे. फिजिक्सच्या सिस्टर शाळा सुटल्यावर आम्हां दोघींना लॅबमध्ये तारेची मोर्स लिपी शिकवायच्या. ओल्या फळ्याचा वास, खिडकीत कबुतरं, आणि सिस्टर टेबलावर पट्टी आपटत म्हणायच्या, आधी ऐका, मग बोला. रेडिओचा पहिला नियम. मला वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली. ताईला वर्तणुकीचं. ते काय, कुणालाही देतात.

१४ सप्टेंबर, रविवार
ह्यांनी कोनाड्यात शेल्फ बसवायचं ठरवलं. कोनाडा साडेचार मीटर भरला. हे बराच वेळ कोनाड्याकडे, मग टेपकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. आता प्रत्येक मापातून साडेतीन वजा करतात. मोठ्याने.

सकाळच्या फेरीत ह्यांनी मधेच हात घालून छोट्या सेटवरची चकती फिरवली. सेट लगेच फसफसायला लागला. बिघडवलाच होता. मी हातावर चापट मारली आणि चकती परत आवळली. हे म्हणाले, त्यात काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. ह्यांना पंखा चालू असताना फोन वाजल्यासारखाही वाटतो.

आजपासून नियम: सेटला हात लावायचा नाही. दिशा सांगायची आणि गप्प राहायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार
अखेर न्याय! क्लबाने सगळ्यांना सूचना पाठवली आहे. ‘गेले काही दिवस एक स्टेशन सकाळच्या फेरीत न ऐकता, प्रचंड ताकदीने, अखंड बोलत आहे. सॅटेलाइट एका वेळी एकाचंच ऐकतो. त्यामुळे इतर कुणालाच बोलता येत नाही. सर्वांना नम्र विनंती, आपापला सेट तपासावा.’

वाचून इतकं हलकं वाटलं. म्हणजे मला उत्तर मिळत नाही ते यामुळे. कुणीतरी माझ्या हाका तुडवतंय. न ऐकता, अखंड बोलणारी, सकाळी उठणारी. मी कुणाचं नाव घेत नाही. अडीच हजार किलोमीटर एवढंच म्हणते.

हे म्हणाले, आपण एकदा आपला सेट तपासू या का? सूचना ज्यांच्यासाठी असते त्यांनी ती वाचायची, सगळ्यांनी नाही, एवढंही ह्यांना कळत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
क्लबाला पत्र लिहिलं. दोन पानं. मागण्या: त्या स्टेशनचं नाव भर बैठकीत जाहीर करावं. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर वाजवावं. आणि त्या व्यक्तीचा सेट वर्षभर कपाटात बंद ठेवावा, किल्ली डॉक्टरांकडे. शेवटी सिस्टरांचं वाक्य घातलं. आधी ऐका, मग बोला.

पत्र फार चांगलं उतरलं आहे. ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

ताईबद्दल वाईट वाटतं का? नाही. बाबा गेले तेव्हा त्यांची पितळी मोर्स की, टकटक करायची ती कळ, तिने उचलून नेली. तिच्या काळ्या गुंडीला बाबांच्या बोटाने खळगा पडला होता. लहानपणी मी त्या खळग्यात बोट ठेवून झोपून जायची. ताई म्हणते, मी तुला विचारलं, तू हो म्हणालीस. कधी? घर माणसांनी भरलेलं, मी सगळ्यांना बाबांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होते. तिने विचारलं असेल. मला ऐकू आलं नाही. ज्याला ऐकू आलं नाही त्याचं हो धरायचं असतं का?

फोन मी करणार नाही. फोन करणं म्हणजे हार. सॅटेलाइटवरची हाक कुणा एकाला मारलेली नसते, त्यामुळे त्यात हार नाही. ती नेमकी तिच्या कानावर पडली तर पडली.

२२ सप्टेंबर, सोमवार
डॉक्टर घरी आले. पत्र मागे घ्या म्हणाले. चूक कुणाच्याही हातून होते, वयाचा मान ठेवू, गुपचूप सांगू. म्हणजे ताईने डॉक्टरांनाही वळवलं. मी म्हटलं, वयाचा प्रश्न नाही, माझंही वय आहे, मी बोलते का कुणावर? डॉक्टर ह्यांच्याकडे बघायला लागले. हे कोनाड्याकडे.

मग त्यांनी माझा छोटा सेट जरा बघू का म्हणून विचारलं. बघू दिला नाही. विषय बदलायची युक्ती होती.

‘नाव घेऊन? सगळ्यांसमोर? नक्की?’ असं त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हटलं, नक्की.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळच्या फेरीत सलग आठ मिनिटं बोलले. दम घ्यायलाही थांबले नाही. त्या बाईला संधी मिळता कामा नये.

२८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ
बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र. अकरा माणसं. मी पुढच्या खुर्चीत बसले.

डॉक्टरांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी खरखर. मग एका बाईचा आवाज, सगळी खोली भरून टाकणारा. उच्चार स्वच्छ, अगदी आमच्या शाळेचे. मनात म्हटलं, सापडली. मग लक्षात आलं की ताईचे उच्चार इतके स्वच्छ कधीच नव्हते.

ती बाई माझी अक्षरं सांगत होती. रेडिओवर नावाऐवजी सांगतात ती, लायसन्सवरची माझी अक्षरं. पुन्हा पुन्हा. ती श्वास घ्यायला थांबली की खालून कुणाची तरी अर्धी हाक, कुणाचं अर्धं नाव वर यायचं, की ही पुन्हा त्यावर चढायची.

एकदा तिला खोकला आला. तेवढ्या फटीत ताई बोलली. सहा वर्षांनी ऐकला तो आवाज, पण सर्दी झाली आहे हे लगेच कळलं.

‘ही माझी धाकटी बहीण आहे. एकसष्ट वर्षांची आहे. हिला कुणी काही बोलू नका. रागवायचं असेल तर मी रागवेन.’

मग तिने माझी अक्षरं घेतली आणि मला हाक मारली. तिसऱ्या अक्षरावर माझा खोकला थांबला.

डॉक्टर खाली बघत म्हणाले की सहा तारखेपासून त्या तुम्हाला रोज हाक मारताहेत.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पत्रातल्या कपाटाच्या कलमाबद्दल मी स्वतःच विचारलं. डॉक्टर म्हणाले, दुसरं पान मी वाचलेलंच नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
डॉक्टरांनी चकती उलटी फिरवून दिली. खरखर. म्हणाले, सॅटेलाइटचा आवाज इतका बारीक असतो की तो खरखरीतूनच येतो. खरखर बंद केली की तोही बंद. म्हणजे मी दार खरखरीला लावलं होतं आणि ताई त्या खरखरीत उभी होती.

हे काही बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत. याला टोमणा म्हणतात.

उद्या शेवटची फेरी. संकल्प: मोठा सेट पाच वॅटवर. आधी ऐकायचं. ताईने हाक मारली की उत्तर द्यायचं. माफीबिफी नाही. कागदावर चार मुद्दे काढून ठेवले आहेत. पहिला, मोर्स की. दुसरा, सर्दीला काय घेतेस.

३० सप्टेंबर, मंगळवार
सकाळी ६.३८. चादर नव्हती. बाईंनी आपण होऊन काढली होती. त्यांचा काय डाव आहे कळत नाही.

खरखर. मग त्यातून माणसं. किती माणसं! महिनाभर मी ज्याला रिकामं म्हणत होते ते आकाश बाजारासारखं भरलेलं. जो तो सॅटेलाइटचा निरोप घेत होता. मग ताईने मला हाक मारली. माझी अक्षरं, सावकाश, सिस्टर फळ्यावर लिहायच्या तशी.

बोलायच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात कुणीतरी बोलायला लागलं. मी थांबले. नियम म्हणजे नियम. त्याचं झालं, ताईने पुन्हा हाक मारली, मी बोट ठेवलं, आणखी कुणीतरी. थांबले. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, ‘ऐकतेस ना?’ मी मान हलवली. हे म्हणाले, ‘अगं, मान दिसत नाही.’ तोवर नुसती खरखर उरली होती.

आठ मिनिटं. एक शब्द बोलले नाही.

लॉग: संपर्क शून्य. अंतर शून्य. अँटेना मोडीत काढायची आहे. हे तुकडे परत मागताहेत.

दुपारी १२
ताईला फोन झाला. कुणी कुणाला लावला हे महत्त्वाचं नाही. मी लावला.

तिने उचलला आणि काही बोलली नाही. मीही बोलले नाही, तिचं आधी होऊ दे म्हणून. तीही बहुधा त्याचसाठी थांबली होती. शाळा एकच. तिकडे ती नाक ओढत होती, इकडे मी कान लावून उभी. अशी दोन मिनिटं गेली असतील.

शेवटी हे कोनाड्यापाशी उभे होते तिथूनच म्हणाले, ‘अगं, त्याला बटण नसतं. बोल.’