सुतकातले पेढे

साखळी, शुक्रवार, दिवेलागण

बीए झाले एकदाची. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण, मुक्त विद्यापीठातून, भाचीच्या जुन्या पुस्तकांवर. कॉलेजची फी कुठली परवडायला!

मोबाईलवर निकाल आला तेव्हा बाजारात होते. काही सुचायच्या आत पेढे घेतले. घराच्या पायरीवर आठवलं, सुतक आहे. मांयचं, माझ्या सासूचं. आठवडाही झाला नाही. पेढे कुणाला वाटू? पिशवीतच आहेत.

रोज सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की मांय गुडघे धरून उठायची. “तू वाच गो, पाव मी घेतंय.” एकदाही मला उठू दिलं नाही.

आजही भोंगा वाजला. परीक्षा तर केव्हाच संपली, आता कसला अभ्यास? तरी बसूनच राहिले. पोदेर वाजवून वाजवून पुढे गेला. मी मांय उठायची वाट बघत होते.