गाडी कोणी बंद पाडली

बाबा,

आज आई पुन्हा माझ्या गाडीत बसली. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. आणि मुलुंडपासून बोरिवलीला मावशीच्या दारापर्यंत तिचा उजवा हात हँडब्रेकवर होता. सिग्नलला मी गिअर बदलताना माझं कोपर तिच्या हाताला लागायचं, तरी तिने तो काढला नाही. मी काढ म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि माझं भांडण तिच्याशी नाही, तुमच्याशी आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुमचा फोटोही पिवळा पडलाय. जिवंतपणी तुम्ही कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाहीत. आज होऊ द्या.

पंतनगरातलं आपलं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि बाहेर उभी पांढरी गाडी. तुमच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच. सकाळी बँकेतल्या बायका, दुपारी लग्न ठरलेली मुलं, संध्याकाळी रिटायर झालेले काका, सगळ्यांना तुम्ही सारखंच झोडायचात. शिकणारा जरा सैलावला, गप्पा मारायला लागला की तुमचा लांबलचक हात स्टिअरिंगखालून पलीकडे जायचा आणि चालत्या गाडीची चावी एक खटका मागे फिरवायचा. इंजिन गप्प. मागून हॉर्न. शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणताय, "इंजिन गेलंय, गाडी नाही गेली. चालव." तो बिचारा दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत डाव्या कडेला येतो. यासाठी लोक तुमचं नाव काढायचे. तुमच्या हाताखालून गेलेला माणूस रस्त्यात घाबरत नाही, असं आरटीओतले साहेबसुद्धा म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

पण तुमची दुसरीही एक रीत होती. चुकून कोणाकडून गाडी बंद पडली तर चावीला हात लावायच्या आधी त्याने मोठ्याने म्हणायचं, "मी बंद पाडली." मगच स्टार्टर. गाडी आपणहून बंद पडत नसते, पाडणारा आत बसलेला असतो, हे तुमचं ठरलेलं वाक्य. बँकेतल्या बायका हसत हसत म्हणायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. त्यांना घरी जायचं होतं. मी तुमच्याच घरात राहत होते.

रेल्वेवरच्या पुलाचा तो चढ तुम्हाला आठवत नसेल. मला क्लचचा वास आठवतो. कॉलेजचं दुसरं वर्ष, मागच्या सीटवर तुमच्या दोन विद्यार्थिनी, मागे बेस्टची बस, आणि गाडी बंद. मी म्हटलं, मी बंद पाडली. तुम्ही म्हणालात, "मोठ्यान सांग." मी पुन्हा म्हटलं. मग तुम्ही मागे वळून त्या बायकांना, जसं काही मी तिथे नाहीच, सांगितलंत, "पाय थरथरता तिचो. आवशीवर गेली ती." आईलाही तुम्ही आठवडाभर शिकवलं होतंत आणि मग तिच्या पायाचा निकाल लावून तिला कायमचं पायी फिरायला लावलं होतंत, हे मला त्या दिवशी कळलं. लायसन्स मिळाल्यावर तुम्ही मला पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणलेत. म्हणालात, "पाय ताब्यात रवतलो." आणि मी मूर्ख, ते बूट मैत्रिणींना दाखवत फिरले.

आता ऐका. पवईच्या ऑफिसला जायला मी ही गाडी घेतली, नवी कोरी. काही महिन्यांत ती चालता चालता बंद पडायला लागली. हायवेवर, वळणावर, कुठेही. डॅशबोर्डवरचे दिवे जायचे, स्टिअरिंग जड व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी खरंच डावीकडे बघितलं, तुमचा हात दिसतो का म्हणून. कडेला घेतली, चावी फिरवली, चालू झाली. घरी कोणाला सांगितलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी गाडी बंद पाडते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सीट पुढे घेऊन बघितली, मागे घेऊन बघितली, चपला बदलल्या. पन्नाशीला आलेली बाई रविवारी सोसायटीच्या आवारात पहिला-दुसरा गिअर घोटत होती, आणि वॉचमन विचारत होता, मॅडम, नवीन शिकताय का?

मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरचा तो उतार. आई शेजारी, मावशीसाठी घेतलेला घावनांचा डबा तिच्या मांडीवर. इंजिन गेलं. मी घाबरले नाही, हे तुम्हाला ऐकायला आवडेल. तुम्ही शिकवल्याप्रमाणे डावीकडे घेत गेले. पण तुमच्या काळात डावीकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे नव्हते. ब्रेक दगडासारखा झाला आणि आईची बाजू पत्र्यांवर गेली. एअरबॅग उघडली नाही. चावीचा स्विच आपोआप सरकून बंद झाला की एअरबॅगही बंद होते, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त आईचं मनगट दिसत होतं, भलत्याच दिशेला वळलेलं. ट्रॅफिक हवालदार चांगला माणूस होता. त्याने आधी आईला पाणी दिलं, मग विचारलं, "काय झालं ताई?" आणि मी म्हटलं, "मी बंद पाडली."

त्याने तेच लिहून घेतलं. दुसरं काय लिहिणार?

मरोळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला पोरगा मला म्हणाला, "मॅडम, क्लच अर्धा सोडता तुम्ही, लेडीज लोकांचं होतं असं. आणि जबाबात तुम्हीच सांगितलंय ना." कंपनीच्या मेलमध्ये तेच, फक्त गोड इंग्रजीत. आणि आई. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती माझी समजूत घालते, "जावंदे गे. तुझो पाय कसो, तां तुझ्या बापाशीक म्हायत होतां." मला राग आला नाही तेव्हा. मलाही ते पटलेलं होतं. त्यानंतर आई रिक्षाने जायला लागली, आणि रिक्षावाला बोरिवलीला नाही म्हणाला की मावशीला फोन करून रडायची.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला. खबरदारीचा उपाय म्हणून आपल्या वाहनातील इग्निशन स्विच मोफत बदलून देण्यात येईल. खबरदारी! माझ्या आईच्या मनगटात स्टीलची पट्टी घालून झाली, आता खबरदारी. मी तो मेसेज आईला वाचून दाखवला, तर ती म्हणते, "कंपनी कित्याक आपली चूक सांगात? तुझां मन राखूक सांगतत." म्हणजे बघा, बाबा. कंपनी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, पण तुमचा शब्द त्याच्या वर.

स्विच बदलायला गेले त्या दिवशी तिथल्या सोफ्यांवर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. शेजारी मरोळ गावठाणातले एक अंकल होते, चावीच्या जुडग्यात पितळेचा क्रॉस. मला म्हणाले, "मला सांगतात, अंकल, क्रॉस जड आहे, त्याच्या वजनाने चावी फिरते, काढून ठेवा. मिसेसने दिलेला आहे, ती गेली. कसा काढू?" तरी त्यांनी तो काढला होता, खिशात वेगळा ठेवला होता, आणि गाडी तशीच बंद पडत होती. समोरच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, तुमचा गुडघा चावीला लागतो. मानखुर्दचा एक टॅक्सीवाला होता, तो म्हणाला, "मला बोलले, तू गाडी लय चालवतो रे, आराम दे तिला. आराम देऊ तर हप्ता काय यांचा बाप भरणार?" कुणाची चावी, कुणाचा गुडघा, कुणाचा पाय. प्रत्येकाला मापाने शिवलेला दोष दिला होता, आणि प्रत्येक जण तो मुकाट घरी घेऊन गेला होता. मी उठले आणि काउंटरवर जाऊन सगळ्यांदेखत विचारलं, आमच्या सगळ्यांचं शरीर एकदमच बिघडलं का? मॅनेजर आला, कॉफी घ्या म्हणाला. अंकल म्हणाले, "कॉफी राहू दे, लिहून दे." त्याने काही लिहून दिलं नाही.

स्विच बदलूनही गाडी पुन्हा बंद पडली. मग म्हणे चावी झिजली. ती बदलली, मग वायरिंग. तक्रार करायला फोन केला की पलीकडची मुलगी सांगते, "मॅम, सिस्टिममध्ये दुरुस्ती पूर्ण दाखवतंय." परवा तिसऱ्यांदा गाडी घरी आणली, आणि आईने विचारलं, आता क्लच नीट सोडतंस मां? तेव्हा माझा तोल गेला. मी तुमच्या फोटोकडे बोट करून ओरडले की ते चुकले होते, माझ्या पायाबद्दल चुकले होते आणि तुझ्याही. आपल्या घरात हे वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं. आज सकाळी आई साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल. पण ह्यो ब्रेक माज्याकडे रवांदे." वाटेत पवईच्या पुढे तिने विचारलं, ह्यो ओढलो की गाडी खरीच थांबता? मी हो म्हटलं. मग ती हसली. त्या हसण्यात भीती होती की दुसरं काही, मला सांगता येत नाही.

इतका राग मला कंपनीचाही येत नाही, बाबा. कंपनीने फक्त खराब स्विच बसवला. तो बिघडल्यावर स्वतःला दोष देणारी बाई तुम्ही आधीच तयार करून ठेवली होतीत. इंजिन गेल्यावर गाडी कशी चालवायची ते तुमच्याइतकं कोणी शिकवलं नसतं, हेही खरं आहे, आणि त्यामुळे तर तुमच्यावर नीट चिडताही येत नाही. हे लिहून झालं की गाडीच्या कप्प्यात पीयूसीच्या कागदांमागे सरकवून देईन. दुसरं कुठे टाकणार?

नवरा रोज म्हणतो, विकून टाक ना ही पनवती, दुसरी घेऊ. मी सांगते, ग्राहक मंचात केस करायची आहे, गाडी हा पुरावा आहे. वकीलबाई मागेच म्हणाल्या की कंपनीचा मेसेज आणि सर्व्हिसचे कागद पुरे आहेत, गाडी ठेवायची काही गरज नाही. हे मी घरी सांगितलेलं नाही. कारण दुसरी गाडी घेतली, चांगला स्विच असलेली, आणि तीही कधी भर रस्त्यात बंद पडली, तर मग माझ्या पायाशिवाय दोष द्यायला काही उरणार नाही. म्हणून मी ही विकत नाही.