न धरलेला हात

डहाणू, रविवार संध्याकाळ

आमची बैठी चाळ पाडून पाच मजली इमारत होणार, तळमजल्यावर बेघरांसाठी निवाराही करतील म्हणे. आज मीटिंगमध्ये त्यावरून नुसता कालवा. शेजारची हंसाबेन ओरडली, “कोण कुठले येऊन झोपतील! आमच्या सुनांनी जायचं-यायचं कसं?”

मी हात वर केला, शाळेत करायचे तसाच, कोपर सरळ. “होऊ दे निवारा.”

सगळे हसले. “टीचरबाई, तुम्हाला काय तिथे राहायचंय?”

सेक्रेटरी म्हणाला, “हात खाली घ्या, पोटभाडेकरूंचं मत धरत नाहीत.”

घेतला.

पोटभाडेकरूला नवी खोलीही नाही. लग्न होऊन आले ती याच खोलीत, खिडकीशी चिकूचं झाड... हे गेले, आता खोलीही. मग मी झोपायचं कुठे?

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, उत्तर येत असेल तरच हात वर करा. मला उत्तर येत नाही, सिस्टर.