दुसरा गिअर

आई,

अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. तुमचा लेक गॅरेजमध्ये पडलाय. जॅकच्या दांड्याने मी त्याचा गुडघा फोडला. अ‍ॅम्ब्युलन्स येतेय, फाटक उघडून ठेवा.

त्याच्या जुन्या, डावीकडे स्टिअरिंग असलेल्या इटालियन गाडीचं कापडी छप्पर दोघांनी दोन बाजूंनी धरून दुमडायचं असतं. माझी बोटं छपराच्या सांध्यात आहेत हे बघून त्याने ते दाबलं. मागच्या वेळीही असंच झालं होतं. तुम्ही म्हणालात, लक्ष कुठे असतं तुझं!

उघड्या गाडीतलं वारं मलाही आवडायचं हो.

दवाखान्यात मी तीच गाडी घेऊन जातेय. इंजिन तापायच्या आधी दुसरा गिअर टाकला की गिअरबॉक्स करकरतो, म्हणून तो तिला तान्ह्या बाळासारखं जपतो. आज मी थांबणार नाही, मोडक्या हाताने कोंबेन. माझी बोटं मोडली तेव्हा तो हसला. ती करकर ऐकून रडेल. रडू दे.